वहीतून एक्सेलकडे: नव्याने स्प्रेडशीट शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बचत गटाच्या सचिव, सोसायटीचे खजिनदार, छोटे दुकानदार, वर्गशिक्षक अशा लोकांसाठी हे पान आहे. यातले बहुतेक जण वर्षानुवर्षं वहीत चोख हिशेब ठेवत आले आहेत. त्यांना हिशेब येतो, फक्त संगणकावरचा तक्ता नवा आहे. उदाहरणं मुख्यतः बचत गटाची घेतली आहेत, पण तीच पद्धत मेंटेनन्सला, वर्गणीला आणि उधारीलाही लागू पडते.

एक खुलासा आधीच: फॉर्म्युल्यांची आणि रकान्यांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाईप करताना ती इंग्रजी अक्षरांतच लिहायची.

स्प्रेडशीट आणि एक्सेल एकच का?

एक्सेल हे स्प्रेडशीटचं सर्वांत परिचित सॉफ्टवेअर आहे, पण एकमेव नाही. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल-२ संगणकासाठी व्हिसिकॅल्क नावाचं स्प्रेडशीट आणलं. आडव्या ओळींना आकडे, उभ्या रकान्यांना अक्षरं आणि दोन्ही मिळून प्रत्येक सेलचा, म्हणजे चौकोनाचा, पत्ता ही रचना त्यातही होती. एक्सेल १९८५ मध्ये आधी मॅकिंटॉशवर आलं आणि १९८७ मध्ये विंडोजवर. आज गूगल शीट्स आणि लिब्रेऑफिस कॅल्कही तेच काम करतात. एक नीट आलं की दुसऱ्यावर जायला त्रास होत नाही, मेन्यूच्या जागा तेवढ्या बदलतात.

मग मी कोणतं घेऊ?

घरात किंवा कार्यालयात एक्सेल आधीच असेल तर तेच वापरा. नसेल तर नुसतं शिकण्यासाठी पैसे खर्च करू नका. जीमेल खातं असलेल्याला गूगल शीट्स मोफत मिळतं. इंटरनेट अधूनमधून जात असेल तर लिब्रेऑफिस उतरवून घ्या. तेही मोफत आहे, पूर्णपणे संगणकावरच चालतं आणि त्याचे मेन्यू मराठीतही करता येतात.

दोघी-तिघींनी मिळून हिशेब लिहायचा असेल तर माझं मत गूगल शीट्सच्या बाजूने आहे. एकच फाईल सगळ्यांना दिसते, कोणी काय बदललं हे जुन्या आवृत्त्यांत पाहता येतं आणि ‘हिशेब फायनल’, ‘हिशेब फायनल नवा’, ‘हिशेब फायनल खरा’ अशा फायली व्हॉट्सॲपवर फिरत नाहीत.

माझ्याकडे फक्त फोन आहे. शिकता येईल का?

नोंदी करायला फोन पुरतो. बैठकीत बसल्या बसल्या रक्कम टाकायची असेल तर तो सोयीचाच आहे. पण तक्त्याची मांडणी आणि फॉर्म्युले फोनच्या छोट्या पडद्यावर शिकायला गेलात तर लवकर कंटाळा येईल. पहिले काही तास शाळेतल्या, ग्रामपंचायतीतल्या किंवा नात्यातल्या कोणाच्या तरी संगणकावर बसा. फाईल एकदा नीट उभी राहिली की पुढे फोनवरून चालवा.

अगदी सुरुवातीला काय शिकायचं?

सेलमध्ये लिहिणं, एंटर आणि टॅबने पुढे सरकणं, एफ-२ दाबून आतला मजकूर दुरुस्त करणं, कंट्रोल-झेडने चूक मागे घेणं, आणि फाईल कुठे जतन झाली हे स्वतः शोधून दाखवणं. यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आहे. शिकणाऱ्यांचं खरं अडतं ते फॉर्म्युल्यात नाही, कालची फाईल आज सापडत नाही तिथे.

कंट्रोल-झेडची खात्री पटली की भीती अर्धी होते. मुद्दाम काहीतरी पुसा आणि परत आणा. असं चार-पाच वेळा करा.

आमच्या वहीत डावीकडे नावं आणि वर एप्रिल ते मार्च असा तक्ता आहे. तो तसाच उतरवू का?

उतरवू नका. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

कागदावर तो तक्ता योग्यच आहे. जागा कमी लागते आणि बैठकीत एका नजरेत सगळं दिसतं. पण त्याच्या एका चौकोनात एकच आकडा मावतो. रेखाताईंनी जूनचे २०० रुपये दोनदा मिळून दिले, १२० आधी आणि ८० नंतर, तर चौकोनात नुसते २०० दिसतात. कोणत्या तारखेला दिले ते गेलं. मे महिन्याची थकबाकी जूनमध्ये भरली तर ती मेच्या चौकोनात लिहायची की जूनच्या, यावर वाद होतो. दंड घेतला तर तो कोपऱ्यात बारीक अक्षरात जातो. कर्जाचा हप्ता आणि व्याज यांना वेगळी पानं लागतात.

स्प्रेडशीटमध्ये जागेची काटकसर करायची गरजच नाही. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात. म्हणून नियम असा धरा: पैसे एकदा हातातून हातात गेले की एक ओळ. रकाने एवढेच: तारीख, सदस्य क्रमांक, नाव, प्रकार, रक्कम, शेरा. प्रकारात बचत, कर्जवाटप, परतफेड, व्याज, दंड यांपैकी एकच शब्द. रेखाताईंच्या दोन ओळी होतील, प्रत्येकीला आपली तारीख असेल. १२ जणींचा गट असेल तर नुसत्या बचतीच्या महिन्याला १२-१३ ओळी वाढतील, दहा वर्षांनीही शीट रिकामीच वाटेल.

वहीतल्या रोजकीर्दीची हीच रीत आहे, त्यामुळे जुन्या हिशेबनीसांना ती परकी वाटत नाही. फरक पुढच्या कामात आहे. वहीत रोजकीर्दीवरून खतावणी हाताने करावी लागते. इथे ती संगणक करतो, आणि नावं-महिन्यांचा तुमचा आवडता तक्ताही त्याच ओळींतून आपोआप तयार करून देतो. तो कसा, ते खाली पिव्हट टेबलच्या प्रश्नात आहे. आधी नोंदी मात्र अशाच हव्यात. मांडणी चुकली की पुढचा प्रत्येक फॉर्म्युला वाकडातिकडा लिहावा लागतो, आणि मग माणसं म्हणतात की एक्सेल अवघड आहे.

सदस्य क्रमांक कशाला? नाव आहे ना.

कारण नाव लिहिण्यात आपण एकसारखे नसतो. ‘सुनीता’ आणि ‘सुनिता’ वाचताना तुम्हाला एकच बाई दिसते, संगणकाला दोन दिसतात. एका महिन्यात दीर्घ, दुसऱ्या महिन्यात ऱ्हस्व असं झालं की तिची बचत दोन ठिकाणी विभागली जाते आणि दोन्हीकडे कमी दिसते. नावापुढे चुकून एक मोकळी जागा पडली तरी तेच, आणि ती तर डोळ्यांना दिसतही नाही. शिवाय एका गटात दोन सुनीता असतातच.

म्हणून ‘सदस्य’ नावाची वेगळी शीट करा. त्यात क्रमांक, पूर्ण नाव, गटात आल्याची तारीख एवढंच. नाव तिथे एकदाच, योग्य शुद्धलेखनात. नोंदींच्या शीटमध्ये फक्त क्रमांक लिहा आणि नाव फॉर्म्युल्याने तिथून उचला. त्यासाठी व्हीलुकअप नावाचा फॉर्म्युला आहे, नव्या आवृत्त्यांत त्याहून सोपा एक्सलुकअप आहे. हे फॉर्म्युले दुसऱ्या आठवड्यात शिकलात तरी चालेल, क्रमांक मात्र पहिल्या दिवसापासून लावा.

‘प्रकार’ या रकान्याला ड्रॉपडाऊन लावा. डेटा मेन्यूत डेटा व्हॅलिडेशन असतं, तिथे लिस्ट निवडून पाच शब्द भरायचे. मग कोणी ‘बचत’च्या जागी ‘बचत जमा’ लिहू शकत नाही. ही सोय फार कमी शिकवली जाते आणि मला ती कुठल्याही फॉर्म्युल्याइतकी मोलाची वाटते.

मराठीत टाईप केलं तर चालतं का?

चालतं, पण युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही संगणकावर तशीच दिसणाऱ्या मराठीत. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमधून मराठी कळफलक जोडता येतो, फोनवर जीबोर्डवर मराठी असतंच. कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाईल घेऊ नका. त्यात आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे सगळं अगम्य दिसतं, आणि ‘सुनीता’ शोधायला गेलात तर सापडत नाही. जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून देणारी कन्व्हर्टर मिळतात. बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला.

रकमा आणि तारखा मात्र इंग्रजी अंकांत लिहा. देवनागरी अंक प्रत्येक सॉफ्टवेअर संख्या म्हणून ओळखेल याचा भरवसा धरू नका.

आणखी एक अडचण हमखास येते. कुठून तरी सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाईल) मिळते, ती एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की मराठी नावांच्या जागी विचित्र चिन्हं दिसतात. फाईल बिघडलेली नसते. डेटा मेन्यूतून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ने ती आणा आणि यूटीएफ-८ निवडा, अक्षरं जागेवर येतील.

फॉर्म्युला म्हणजे काय? गणित कच्चं आहे, जमेल का?

बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारी सूचना म्हणजे फॉर्म्युला. ई रकान्यात दुसऱ्या ओळीपासून रकमा असतील तर =सम(ई२:ई१३) लिहिलं की बेरीज येते. सम म्हणजे एस, यू, एम ही तीन अक्षरं. गणित तुम्हाला करायचं नाही, काय हवंय ते सांगायचं आहे.

नवशिक्याला चार पुरतात. सम बेरजेला. काउंट किती संख्या आहेत ते मोजायला. इफ अटीला. आणि समइफ, म्हणजे अट घालून बेरीज. सदस्य क्रमांक बी रकान्यात आणि रक्कम ई रकान्यात असेल तर =समइफ(बी:बी,७,ई:ई) ही सूचना सात नंबरच्या सदस्येच्या सगळ्या रकमा जोडून देते. अर्थात त्यात बचत आणि दंड एकत्र येतील. फक्त बचत हवी असेल तर दोन अटी लागतात, त्यासाठी समइफ्स आहे, शेवटी एक एस जास्त.

हाताने काढलेला आकडा कधीही फॉर्म्युल्याच्या जागी टाईप करू नका. कॅल्क्युलेटरवर बेरीज करून ती सेलमध्ये लिहिणारे पुष्कळ असतात. उद्या वरची एक रक्कम दुरुस्त झाली की ती बेरीज जुनीच राहते, आणि पाहणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

फॉर्म्युल्यात $ का लिहितात? रुपयात हिशेब आहे आमचा.

त्याचा डॉलरशी संबंध नाही. समजा कर्जांची वेगळी शीट आहे, कर्जाला दरमहा २ टक्के व्याज आहे आणि तो दर तुम्ही एच१ या सेलमध्ये एकदाच लिहिला आहे. डी२ मध्ये ५,००० रुपये बाकी असेल तर =डी२*एच१ ने १०० येतात. हा फॉर्म्युला खाली ओढलात की पुढच्या ओळीत तो =डी३*एच२ होतो. डी३ व्हायला हवंच होतं, पण एच२ रिकामा आहे, म्हणून उत्तर शून्य. एच१ला जागेवर बांधून ठेवायला $एच$१ असं लिहायचं. संगणकावर एच१वर कर्सर असताना एफ-४ दाबलं की ही चिन्हं आपोआप लागतात, काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळ धरावी लागते.

दर असा वेगळ्या सेलमध्येच ठेवा. गटाने ठरवून २ चा दीड टक्का केला तर एकच जागा बदलावी लागेल. मात्र जुन्या महिन्यांचं व्याजही त्याबरोबर बदलेल, म्हणून ज्या महिन्यांचं व्याज घेऊन झालं ते ‘व्याज’ प्रकाराची नोंद म्हणून नोंदींच्या शीटमध्ये आलेलं असलं पाहिजे.

बेरीज चुकीची येते. का?

बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण असतं.

पहिलं, आकडा हा आकडाच नसतो. चेकवर लिहायच्या सवयीने ‘५००/-’ लिहिलं, किंवा ‘५०० रु.’ लिहिलं, की तो मजकूर होतो आणि सम त्याला गाळून पुढे जातं, काही न बोलता. ओळखायची खूण सोपी आहे: संख्या सेलमध्ये उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. त्यामुळे रकमांच्या रकान्यात अलाइनमेंट हाताने बदलू नका, फुकट मिळणारी तपासणी निघून जाते. रुपयाचं चिन्ह हवं असेल तर सेलच्या फॉरमॅटमधून लावा.

दुसरं, पल्ला, म्हणजे बेरजेत कुठून कुठपर्यंतचे सेल धरायचे ते, अपुरा असतो. ई२ ते ई१३ सांगितलं आणि चौदावी ओळ नंतर आली. ही चूक मोठ्या लोकांच्याही हातून झाली आहे. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यावर २०१० मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा विद्यार्थी थॉमस हर्नडन याने त्यांची एक्सेल फाईल तपासली, तेव्हा एका सरासरीत पाच देशांच्या ओळी सुटलेल्या निघाल्या. लेखावर इतरही आक्षेप होते, पण हा आक्षेप शुद्ध पल्ल्याचा होता. उपाय म्हणून नोंदी टेबलमध्ये बदला, एक्सेलमध्ये कंट्रोल-टी. मग नवी ओळ आपोआप बेरजेत धरली जाते.

तिसरीही एक गोष्ट आहे, पण ती चूक नव्हे. १०० रुपये तिघींत वाटले आणि दशांश लपवले तर ३३, ३३, ३३ दिसतात आणि बेरीज १०० येते. आत ३३.३३ पुढे चालूच असतं. पूर्ण रुपयांतच व्यवहार असेल तर राउंड वापरा आणि उरलेला रुपया कोणाकडे गेला ते नोंदवा.

बँकेचा खाते क्रमांक लिहिला की तो बदलतो.

हो, आणि हे नुकसान परत भरून येत नाही. संख्या म्हणून लिहिलेल्या क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात. १२ किंवा जास्त अंक असले की तो ई+११ अशा शास्त्रीय रूपात दिसू लागतो. एक्सेल फक्त १५ अंक अचूक धरतं, त्यामुळे १६वा अंक सरळ शून्य होतो. रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा किंवा क्रमांकाआधी एकेरी अवतरण चिन्ह टाका. लिहून झाल्यावर फॉरमॅट बदलून गेलेले अंक परत येत नाहीत.

ज्यावर बेरीज-वजाबाकी कधीच करणार नाही असा प्रत्येक क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवावा: मोबाइल, पिनकोड, खातं. सदस्यांचे पूर्ण आधार क्रमांक तर सगळ्यांत फिरणाऱ्या फायलीत लिहूच नका.

तारखा उलटसुलट का होतात?

संगणकाचं प्रादेशिक सेटिंग अमेरिकेचं असेल तर ५/६/२०२५ ही ६ मे होते, आणि १३/६/२०२५ मजकूर म्हणून तशीच राहते, कारण तेरावा महिना नाही. म्हणजे निम्म्या तारखा चुकीच्या आणि निम्म्या तारखाच नाहीत. विंडोजमध्ये प्रदेश ‘इंग्लिश (इंडिया)’ करा, गूगल शीट्समध्ये फाईल, सेटिंग्ज, लोकेलमध्ये इंडिया निवडा. तारीख ०५-जून-२०२५ अशी दिसेल असं फॉरमॅट ठेवलंत तर चूक लगेच नजरेत येते. ५.६.२५ असं टिंब देऊन लिहायची आपली सवय इथे सोडावी लागते.

आत मात्र तारीख ही एक संख्या असते. १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५,६५८. कधी तारखेच्या जागी असा आकडा दिसला तर घाबरू नका, फॉरमॅट तारखेचं करा. हीच गोष्ट कामाला येते: २५ जूनमधून १० एप्रिल वजा केलं की ७६ दिवस मिळतात, कर्ज किती दिवस वापरलं ते बोटं न मोजता कळतं.

स्प्रेडशीटची ही तारखांची हौस शास्त्रज्ञांनाही जड गेली. मार्च-१, सेप्ट-१ अशी नावं असलेल्या मानवी जनुकांच्या एक्सेलमध्ये तारखा होत होत्या, शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर झालं.

१,००,००० ऐवजी १००,००० दिसतं. लाख-कोटीचे स्वल्पविराम कसे आणायचे?

वरच्याच सेटिंगने. विंडोजचा प्रदेश भारत केला की एक्सेलमध्ये आपले गट पडतात. स्वल्पविराम स्वतः टाईप करू नका.

# लावलेली इंग्रजी अक्षरं येतात, त्यांचा अर्थ काय?

नुसते ##### दिसले तर रकाना अरुंद आहे, रुंद करा. नेम म्हणजे फॉर्म्युल्याचं स्पेलिंग चुकलं. डिव्ह/० म्हणजे शून्याने किंवा रिकाम्या सेलने भागलं. व्हॅल्यू म्हणजे संख्येच्या जागी मजकूर सापडला. एन/ए म्हणजे शोधलेली गोष्ट यादीत नाही. रेफ गंभीर आहे: फॉर्म्युला ज्या सेलकडे पाहत होता तो तुम्ही डिलीट केला. तेव्हा लगेच कंट्रोल-झेड.

चूक दाखवणारा संदेश हा मदतीसाठी असतो. चूक असूनही संदेश न येणं जास्त धोक्याचं.

सॉर्ट केल्यावर सगळा हिशेब विस्कटला.

एकच रकाना निवडून सॉर्ट केलं असणार. नावं हलली, रकमा जागेवर राहिल्या. एक्सेल अशा वेळी ‘एक्सपँड द सिलेक्शन’ असं विचारतं, तिथे होकार द्या. त्याहून बरं म्हणजे सॉर्ट करायच्या भानगडीत न पडता फिल्टर वापरा, कंट्रोल-शिफ्ट-एल. फिल्टर ओळी फक्त लपवतो, हलवत नाही.

पिव्हट टेबल नवशिक्यांसाठी नाही असं ऐकलं.

मला हे पटत नाही. नोंदी एक ओळ-एक व्यवहार अशा असतील तर पिव्हट टेबल समइफपेक्षा सोपं आहे, कारण काहीच टाईप करावं लागत नाही. नोंदींत कुठेही क्लिक करा, इन्सर्ट, पिव्हट टेबल. नाव हे शीर्षक ‘रोज’मध्ये (इंग्रजीतलं रोज, म्हणजे ओळी) ओढा, तारीख ‘कॉलम्स’मध्ये ओढून महिन्यांनुसार गट करा, रक्कम ‘व्हॅल्यूज’मध्ये, आणि प्रकार फिल्टरमध्ये ठेवून ‘बचत’ निवडा. वहीतला नावं-महिन्यांचा तक्ता समोर उभा राहतो, उजवीकडे आणि खाली बेरजांसह. फिल्टर ‘परतफेड’ केला की परतफेडीचा तक्ता.

एक्सेलमध्ये नव्या नोंदी टाकल्यावर रिफ्रेश करावं लागतं, गूगल शीट्समध्ये तो आपोआप बदलतो.

सेल मर्ज करून, रंग भरून तक्ता सुंदर करू का?

नोंदींच्या शीटमध्ये नको. मर्ज केलेल्या सेलमुळे सॉर्ट, फिल्टर आणि पिव्हट सगळेच अडखळतात. मध्ये रिकाम्या ओळी, मध्येच महिन्याची बेरीज हेही नको. वर शीर्षकांची एक ओळ, ती फ्रीझ केलेली, म्हणजे खाली सरकलं तरी जागेवर राहणारी, बस्स. लाल रंग म्हणजे थकबाकी असा संकेत तुम्हाला माहीत असतो, फॉर्म्युल्याला रंग वाचता येत नाही, म्हणून ते शब्दांत लिहा. सजावट छापायच्या शीटवर हवी तेवढी करा.

प्रिंट काढली की रकाने दुसऱ्या पानावर जातात.

प्रिंटच्या पडद्यावर ‘फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज’ निवडा आणि पान आडवं करा. शीर्षक प्रत्येक पानावर हवं असेल तर पेज लेआउटमध्ये प्रिंट टायटल्स.

जुनी एक्सएलएस फाईल तशीच वापरू का?

नव्या एक्सएलएसएक्स प्रकारात जतन करून घ्या. जुन्या प्रकारात ६५,५३६ ओळीच मावतात. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेत २०२० मध्ये याच मर्यादेमुळे कोरोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, आणि त्यांच्या संपर्कातल्यांना शोधायला उशीर झाला.

एक्सेल आलं म्हणजे टॅलीची गरज नाही ना?

गटाला किंवा छोट्या सोसायटीला बहुधा नाही. पण स्प्रेडशीटमध्ये मागची नोंद कोणीही गुपचूप बदलू शकतो, आणि नावे-जमा जुळलेच पाहिजेत असं बंधन ते घालत नाही. नोंदणीकृत कंपनी हिशेब सॉफ्टवेअरवर ठेवत असेल तर १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरणं सक्तीचं आहे. व्यवसाय वाढला, जीएसटी आला, की हिशेबाचं सॉफ्टवेअर घ्या.

एमएस-सीआयटी केल्याशिवाय जमेल का?

सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागत असेल तर जरूर करा, त्यात एक्सेलची तोंडओळखही होते. फक्त स्वतःचा हिशेब ठेवायचा असेल तर स्वतःच्याच मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी टाकून शिका. क्लासमधल्या काल्पनिक विद्यार्थ्यांच्या गुणांपेक्षा आपल्या माणसांचे आकडे लवकर शिकवतात, कारण उत्तर काय यायला हवं ते वहीत लिहिलेलं असतं.

एआयला विचारलं की फॉर्म्युला तयार मिळतो. मग शिकायचं कशाला?

मिळतो, आणि मदत घ्यायला हरकत नाही. पण तो बरोबर आहे की नाही हे ठरवणं तुमच्याकडेच राहतं. चार-पाच ओळींचं उत्तर हाताने काढा आणि फॉर्म्युल्याशी ताडून पाहा. रकमा नुसत्या निवडल्या तरी पडद्याच्या तळाशी बेरीज दिसते, तिचा ताळा करायला उपयोग होतो. सदस्यांची नावं आणि खाते क्रमांक असलेली फाईल मात्र कुठल्याही चॅटमध्ये टाकू नका. रकान्यांची शीर्षकं सांगितली तरी फॉर्म्युला मिळतो.

सचिव बदलल्या. फाईल नव्या सचिवांना कशी द्यायची?

फाईल व्यक्तीच्या खात्यात न ठेवता गटासाठी काढलेल्या स्वतंत्र जीमेल खात्यात ठेवा, त्याचा पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे असू द्या. एक्सेल फायलीला उघडण्याचा पासवर्ड लावणार असाल तर तो लिहून ठेवा, विसरला तर मायक्रोसॉफ्टही काढून देत नाही. शीट प्रोटेक्ट करणं वेगळं: त्याने फॉर्म्युले चुकून पुसले जात नाहीत इतकंच, ते कुलूप म्हणून धरू नका.

पहिली शीट ‘सूचना’ नावाची करा. कोणता रकाना कशासाठी, व्याजदर कोणत्या सेलमध्ये, दंड केव्हा लागतो, हे साध्या मराठीत लिहा. नव्या सचिवांकडून तुमच्या शेजारी बसून एका बैठकीच्या नोंदी करून घ्या, माऊस त्यांच्याच हातात देऊन.

आणि गटाच्या वह्या बंद करू नका. कर्ज देताना बँक वह्या आणि सदस्यांची पासबुकं पाहते. दर बैठकीनंतर त्या महिन्याच्या नोंदींची प्रिंट काढून सगळ्यांसमोर वाचा, रोख शिल्लक पेटीतल्या पैशांशी मोजून जुळवा, अध्यक्षांची सही घ्या आणि ती प्रिंट इतिवृत्ताच्या वहीत चिकटवा.